वाटाड्याला का मारलंत?

प्रिय मुंगे,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील, म्हणून आधीच सांगतो की घरी सगळं ठीक आहे. तुझी आई ठणठणीत आहे, माझा नवा गुडघा ठणठणीत आहे, आणि सलूनमधल्या दुसऱ्या खुर्चीचा तो पायाने दाबायचा पंप, जो तू लहानपणी वर-खाली करून करून बिघडवला होतास, तो मी परवा अखेर दुरुस्त करून घेतला. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. मी विचारतो, जेवलीस का, तू म्हणतेस, हो. मी विचारतो, तिकडे हवा कशी आहे, तू म्हणतेस, बरी आहे. मग मी घाईघाईने फोन आईकडे देतो, जणू काही तो माझ्या हाताला भाजतोय. म्हणून आज दुपारी शटर अर्धं खाली ओढून, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच बसून, मांडीवर वही घेऊन लिहितोय. समोर आरसा असल्यामुळे दर दोन ओळींनी माझंच तोंड दिसतंय आणि ते काही फार धीटपणाचं दिसत नाहीये.

मला एक कबुली द्यायची आहे. एक म्हणता म्हणता तीन निघतील, तेव्हा दमानं वाच.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा आठवडे मी घरी बसून होतो. त्याच्या थोडं आधीची गोष्ट. आपले कोपऱ्यावरचे चष्मेवाले दाढीला आले होते. त्यांनी विचारलं, मुलगी काय करते हल्ली? मी नेहमीसारखं म्हटलं, कॉम्प्युटरवर काहीतरी असतं तिचं. त्यांनी फेसानं भरलेलं तोंड माझ्याकडे वळवलं (वस्तरा हातात होता, माझा जीवच गेला) आणि म्हणाले, 'काहीतरी काय? माझी भाची सांगत होती, त्या नीलदरी गेमच्या सहाव्या भागाची गोष्ट तुमच्या मुलीनं लिहिलीय म्हणून! लाखो लोक खेळतात ते. तुम्ही पाहिलंच नाहीत?' मी म्हटलं, हनुवटी वर करा. 

तर त्या सहा आठवड्यांत मी तुझ्या खोलीतून तुझा डबा बाहेर काढला. पहिल्या पगारातून घेतलेला, आणि शहर बदललंस तेव्हा कपाटात ठेवून गेलेला. तू त्याला कन्सोल म्हणतेस, पण आमच्या घरात तो डबाच आहे. वायर जोडायला पाऊण तास गेला, कारण मी ती टीव्हीच्या पाठीमागे चुकीच्या भोकात कोंबत होतो आणि तुझी आई 'जोर लावू नका, जोर लावू नका' म्हणत जोर लावत होती. मग मी पहिला भाग सुरू केला. तू नऊ वर्षांची असताना ज्याच्यासाठी तीन दिवस न बोलता बसली होतीस, तोच. पहिल्याच पुलावर एका बेडकानं मला अकरा वेळा मारलं. अकरा! तुझी आई शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. ती न बघताच म्हणाली, 'अहो, तुमच्या टोळीतल्या त्या वैद्यबाईला आधी औषध द्यायला सांगा की. सगळेच लढायला धावले तर दुसरं काय होणार?' बाराव्या वेळी बेडूक मेला. त्या दिवसापासून तुझी आई आमच्या टोळीची सेनापती आहे. तिनं दरीचा नकाशा कागदावर काढून फ्रिजवर चिकटवला होता. तू यायची असलीस की आम्ही तो काढून ताटांच्या खाली लपवायचो.

मला काय आवडलं सांगू? लढाईतली ती पाळी. एक वार आपला, एक त्यांचा, आणि आपली पाळी आली की सगळं जग थांबून वाट बघतंय. माझं आयुष्य असंच गेलंय ग. चार माणसं बाकावर, एक खुर्चीत, आणि खुर्चीतल्या माणसाचं होईपर्यंत कुणी कुणावर ओरडत नाही. आणि आवडला तो म्हातारा वाटाड्या. बाकी सगळे नायक दर भागाला बदलतात, तो मात्र तसाच. पुढे पुढे चालणार, प्रत्येक वळणावर 'पाय जपून' म्हणणार आणि आपल्या फाटक्या बुटांना शिव्या घालणार. माझ्या वयाचं त्या दरीत तेवढंच एक माणूस होतं. पाच भाग संपवायला आम्हाला चौदा महिने लागले. गुडघा कधीच बरा झाला होता, सलून सुरू झालं होतं, पण दुपारी दोन ते चार दुकान बंद ठेवायला लागलो. गिऱ्हाइकांना वाटायचं, डॉक्टरांनी आराम सांगितलाय.

मग सहावा भाग. तुझा. सुरुवातीलाच पडद्यावर नावं येतात, त्यात तुझं नाव आलं तेव्हा मी खेळ थांबवला. आई उठली, पदरानं टीव्हीची काच पुसली, आणि तुझं नाव परत एकदा मोठ्यानं वाचलं. चहा करायचा राहिला. आणि पुढच्या एका तासात तू वाटाड्याला मारलंस.

दोरांचा पूल तुटतो, तो खाली जातो, संपलं. आम्ही बटणं दाबतोय, काही होत नाही. वर लढाईही बदललेली. पाळी गेली, सगळं एकदम, धडाधड. माझ्या बोटांना ते झेपेना. कात्री चालवणारी बोटं आहेत, पण कात्रीवर समोरून कुणी आग फेकत नाही.

हे झालं पहिलं. आता दुसरं. चाहत्यांचा तो चर्चेचा कट्टा आहे ना इंटरनेटवर, तिथं मी गेलो. काय भयंकर जागा आहे ती! निम्मे लोक म्हणत होते, सगळं जुन्यासारखं करा, नाहीतर आम्ही चाललो. उरलेले म्हणत होते, अजून किती दिवस तेच तेच, सगळं नवं करा, नाहीतर आम्ही चाललो. आणि जात कुणीच नव्हतं. तुझं नाव घेऊन जे काय लिहिलं होतं ते इथं लिहिणार नाही. मी आईला म्हटलं, या गर्दीत एका तरी माणसानं नीट बोलायला हवं. आई म्हणाली, 'म्हणजे तुम्हाला भांडायचंय.' ती ओळखून आहे मला. खरंच मला राग आला होता, तुझाच आला होता, वाटाड्यावरून. तीन दुपारी वहीत लिहून, आईकडून तपासून घेऊन मी तिथं एक लांबलचक तक्रार टाकली. 'वाटाड्याला का मारलंत?' असं वर ठळक लिहिलं. खाली लिहिलं की माणसं मरतात हे मला कळतं, पण पाच भाग आम्ही आमच्या पाळीची वाट बघत आलो, आणि नेमकं तो पडत असताना तुम्ही आमची पाळीच काढून घेतलीत. निदान हात पुढे करायला तरी द्यायचा होता. खाली टोपणनाव हवं होतं. आरशात समोरच्या शिंप्याचं दुकान दिसतं, तीस वर्षं उलटंच बघतोय ते. मी लिहिलं, 'सुईदोरा'.

पुढच्याच रविवारी तू घरी आलीस. दुपारी जेवताना आई म्हणाली, काय ग, अशी का दिसतेस, तर तू फोन काढून म्हणालीस, 'शिव्या देणाऱ्यांचं काही वाटत नाही ग आई. पण हा एक माणूस आहे. ऐक.' आणि तू ती अख्खी तक्रार आम्हाला वाचून दाखवलीस. तुला आठवत असेल, मला जोरात ठसका लागला होता आणि तू पाठीवर थापट्या मारल्यास. तो ठसका नव्हता, मुंगे. टेबलाखाली आईनं माझ्या नव्या गुडघ्यावर लाथ मारली होती. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण वाचून झाल्यावर तू म्हणालीस, 'या माणसाचं बरोबर आहे,' आणि मी सांगायचं सोडून तुझ्या पानात आणखी भात वाढला. आयुष्यात पहिल्यांदा तू मला बरोबर म्हणाली होतीस, आणि ते मला म्हणाली नव्हतीस.

मग तू सुईदोऱ्याला उत्तर लिहिलंस. कंपनीच्या नावानं, पण खाली 'कथालेखिका' अशी सही करून. मला वाटलं होतं, दोन ओळींचे आभार असतील. तू दोन पानं लिहिलीस. 'जुन्यांना पाळी हवी, नव्यांना वेग हवा, बैठकीत टेबलाच्या दोन बाजूंना दोन पक्ष पडलेत आणि मध्ये मी बसलेय, तुम्ही सांगा, तुम्हाला नक्की काय हवंय.' हे मला विचारलंस! आता माझ्याकडे याचं उत्तर होतं, पण ते केस कापणाऱ्याचं उत्तर होतं, आणि तसं लिहिलं असतं तर तू मला पहिल्याच वाक्यात पकडलं असतंस. म्हणून मी शिंपी झालो.

मूळ उत्तर असं. वीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक खुर्चीत बसतं आणि म्हणतं, नेहमीसारखे कापा. पण त्याचं डोकं नेहमीसारखं राहिलेलं नसतं. पुढचे केस मागे सरकलेले असतात, कल्ले पांढरे झालेले असतात. मी खरंच वीस वर्षांपूर्वीसारखे कापले तर तो आरशात बघून ओरडेल की आज काय केलंत हे. म्हणून मी दर वर्षी थोडं थोडं वेगळं कापतो, भांग अर्धा बोट सरकवतो, आणि तो मान हलवून म्हणतो, वा, अगदी नेहमीसारखं. हेच मी तुला सदऱ्याच्या मापात बसवून लिहिलं. गिऱ्हाईक म्हणतं जुन्याच मापाचा शिवा, पण पोट सुटलेलं असतं, वगैरे. तुला ते इतकं पटलं की तू ते ऑफिसातल्या भिंतीवर लावलंस. आणि मग त्या आठवड्यात, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तू फोनवर आपणहून कामाचं बोललीस. 'बाबा, एक शिंपीकाका आहेत, काय डोकं आहे हो त्यांचं!' मी म्हटलं, हो का. आणि फोन ठेवून मी त्या शिंप्यावर इतका जळलो, इतका जळलो, की आई हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती.

आठ महिने हे चाललं. तू लिहायचीस, मी दुपारी बसून उत्तर द्यायचो. सातव्या भागात लढाई वेगानं चालेल, पण एक बटण दाबलं की सगळं थांबेल आणि ज्याला हवी त्याला त्याची पाळी मिळेल, हे तू सांगितलंस तेव्हा मी बाकावरच्या गिऱ्हाइकांना उगाचच चहा पाजला. मग तू विचारलंस, शिंपीकाका, निम्म्याहून जास्त लोक म्हणतायत वाटाड्याला परत आणा, जिवंत करा. आणू का? मी चार दिवस उत्तर दिलं नाही. माझ्या मनात 'आण' असंच होतं. पण मग मला एक गिऱ्हाईक आठवलं, जे लग्नातला फोटो घेऊन आलं होतं आणि म्हणत होतं, असं करून द्या. मी तो फोटो आरशाला टेकवून ठेवला, त्यांच्या चेहऱ्याशेजारी. शेवटी त्यांनीच तो खिशात ठेवला. मी तुला लिहिलं की एकानं लग्नातला कोट आणला, म्हणाला यात मला मावायचंय. मी म्हटलं, तो कोट राहू दे, त्याच्या कापडाचा आतला खिसा करून नव्या कोटाला लावून देतो, बाहेरून कुणाला दिसणार नाही, पण हात घातला की तुम्हाला कळेल. लिहून झाल्यावर आई म्हणाली, असं शिवता येतं का हो खरंच? म्हणून मी समोर जाऊन खऱ्या शिंप्याला विचारून आलो. तो म्हणाला, येतं, पण एवढा उपद्व्याप करतं कोण. आता तुमच्या बैठकांमध्ये 'याचा आतला खिसा कुठाय' असं सगळे म्हणतात, हे तू कळवलंस तेव्हा मी ते खऱ्या शिंप्यालाही सांगितलं. त्याला काडीचंही कळलं नाही, पण खूश झाला.

तिसरी कबुली लिहायचं मघापासून टाळतोय. दोनदा उठून आरसा पुसून आलो.

गेल्या महिन्यात तू सुईदोऱ्याला त्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर दिलंस. वाटाड्याला असं घाईनं का मारलं. तू लिहिलंस की तू सोळा वर्षांची असताना वडिलांनी तुझा तेव्हाचा जुना डबा भंगारात दिला. तुझ्या खेळात वाटाड्या खिंडीच्या तोंडाशी उभा होता, उद्या पुढे जाऊ म्हणून तू त्याला तिथं ठेवून शाळेत गेली होतीस. परत आलीस तर टीव्हीखालची जागा रिकामी. 'निरोपाचा प्रसंग मला लिहिताच आला नाही, शिंपीकाका, कारण मला तो मिळालाच नव्हता. आणि घरी मी कामाविषयी बोलत नाही, कारण काही आवडतंय असं दाखवलं की ते जातं, असं कुठंतरी बसलंय डोक्यात.' आणि खाली एक ओळ, 'तुम्हाला मुलगी आहे का?'

मी 'आहे' असं टाइप केलं आणि पुसलं. परत केलं, परत पुसलं. मग उत्तर दिलंच नाही.

मला तो दिवस नीट आठवतो. परीक्षेला दोन महिने होते. तू दप्तर ठेवलंस, रिकाम्या जागेकडे बघितलंस आणि म्हणालीस, 'बरं.' रडली असतीस, आदळआपट केली असतीस, तर मी भंगारवाल्याच्या मागे पळत गेलो असतो, खरंच गेलो असतो. पण तू बरं म्हणालीस, अभ्यासाला बसलीस, चांगले मार्क काढलेस, आणि मी पुढची सोळा-सतरा वर्षं खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो की बघा, वेळीच कान पिळला म्हणून पोरगी मार्गाला लागली. आता मी ती दरी चालून आलोय. खिंडीच्या तोंडाशी पोचायला किती दिवस लागतात ते मला माहीत आहे. मी ते न विचारता उचलून दिलं. माझं चुकलं, मुंगे. तेव्हा चुकलं, आणि नंतर तुझी पत्रं शिंप्याच्या नावानं वाचत राहिलो तेही चुकलं. त्यातलं शेवटचं माझ्यासाठी नव्हतं, हे मला कळतं. रागाव. तुझ्या रागाला मी तयार आहे, आई तर म्हणते की उशीरच झालाय. तिनं तुझी बाजू घेतलीय आणि लढाईत ती किती निर्दय आहे हे मी दोन वर्षं पाहतोय.

आता हे सगळं आजच का लिहितोय ते. गेल्या आठवड्यात सुईदोऱ्याला तुमच्या कंपनीचं आमंत्रण आलं. सातवा भाग बाहेर यायच्या आधी बारा जुन्या खेळाडूंना बोलावून दाखवायचाय, गुरुवारी सकाळी अकरा वाजता. खाली तू स्वतः लिहिलंयस, 'शिंपीकाका, तुम्ही पत्रं थांबवलीत, माझं काही चुकलं का? नक्की या. वाटाड्याचं काय केलंय ते तुम्हाला आधी बघायला हवं.' वाचून मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. चूक माझी आणि विचारतेयस तू. दारावर ओळखपत्र बघतात म्हणून सोबतच्या अर्जात खरं नाव आणि फोटो मागितला होता. मी दोन्ही भरून पाठवलंय. बारा जणांची ती यादी सोमवारी तुझ्या टेबलावर येईल, आणि त्याआधी हे पत्र तुला मिळावं म्हणून मी आजच्या आज ते टाकायला निघालोय. तू नको म्हणालीस तर शिंपी आजारी पडेल, कुणाला काही कळणार नाही, आणि मी वाईट वाटून घेणार नाही. थोडं घेईन. हो म्हणालीस तर आई आणि मी बुधवारच्या गाडीनं येतो. तिला आत सोडणार नाहीत हे तिला मान्य नाही, ते तिचं ती बघेल. अर्जात एकच रकाना मी भरला नाही. 'या खेळाच्या निर्मात्यांशी आपलं नातं, असल्यास' असं लिहिलं होतं.  तो कोरा ठेवलाय. तुझ्या हातानं भर.

तुझाच, तू म्हणशील त्या नात्यानं,
बाबा